आधी मोजा, मग मोजा!

आपल्या मराठीची एक गंमत पहा. पायात घालतो तोही 'मोजा', आणि टेप हातात देऊन कुणाला सांगायचं झालं तर तेही 'मोजा'! दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पायातला मोजा फारसीतून आला, तिकडे 'मोझा' म्हणजे पायात चढवायचा बूट. मोजणं मात्र आपलं घरचं क्रियापद. पण गेली पन्नासेक वर्षं सुया चालवल्यावर मला वाटायला लागलंय की भाषेने हे दोन शब्द उगाच एकासारखे एक ठेवले नाहीत. आधी मोजा, मग मोजा विणायला घ्या, असं ती सांगते आहे. आणि आपण नेमकं तेच करत नाही. आजचं माझं गाऱ्हाणं याबद्दल आहे.

"चंद्रपूरला आणि मोजे?" असं पुण्या-मुंबईचे नातेवाईक हसून विचारतात. त्यांना आमचे मे महिन्यातले ४६-४७ अंश तेवढे माहीत! पण डिसेंबर-जानेवारीत नागभीड, सिंदेवाही, कुरखेडा, धानोरा या जंगलाला लागून असलेल्या गावांत पहाटे येऊन पहा. शेकोटीशिवाय माणूस हलत नाही. माझी निम्मी नोकरी याच पट्ट्यात झाली. मी रुजू झाले तेव्हा सगळा एकच चंद्रपूर जिल्हा होता, गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी विणकाम शिकवायची, मुलींना आणि मुलांनाही. मफलर सगळ्यांना जमायचा. टोपी बऱ्याच जणांना जमायची. मोज्याशी मात्र गाडी अडायची. कारण मफलर कुणाच्याही गळ्यात बसतो, टोपी थोडी सैल-घट्ट चालते, पण मोजा एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट पायालाच बसतो. तो बसला नाही तर बोटांत गोळा होतो, टाचेखाली वळी पडते, नाहीतर पोटरीला करकचून धरतो.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं: नमुना हा कुणाच्या तरी पायावरून काढलेला अंदाज असतो. ज्याच्यासाठी विणायचं त्याचा पाय हातात घेऊन मोजल्याशिवाय, आणि त्या मापाप्रमाणे नमुना बदलल्याशिवाय मोजा विणू नये. विकतही आणू नये! 'फ्री साइज' लिहिलेला मोजा म्हणजे कुणालाच नीट न बसणारा मोजा.

मुळात नमुन्यातला पाय असतो कुणाचा? आपल्याकडे मासिकांतून, लोकरीच्या कंपन्यांच्या पुस्तिकांतून जे मोज्यांचे नमुने आले ते बहुतेक इंग्रजी नमुन्यांवरून उतरवलेले. म्हणजे ज्या देशात माणूस लहानपणापासून बंद बुटात वाढतो तिथल्या पायाचे. तो पाय बोटांकडे निमुळता होत जातो. आता आमच्या झाडीपट्टीतला पाय आठवा. धानाच्या बांधीत रोवणीला चिखलात तासन् तास उभा राहणारा, मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणारा, आयुष्यभर अनवाणी नाहीतर चपलेत चाललेला. याची बोटं पंख्यासारखी पसरलेली, चवडा रुंद, टाच त्यामानाने लहान. हे काही माझं एकटीचं निरीक्षण नाही. बेल्जियमच्या संशोधकांनी दक्षिण भारतात अनवाणी चालणाऱ्या लोकांचे पाय मोजले, त्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. अनवाणी चालणाऱ्यांचे चवडे रुंद असतात आणि चालताना त्यांच्या तळव्यावर भार अधिक सारखा वाटला जातो, असं त्यांना दिसलं. म्हणजे हा रुंद पाय बिघडलेला नाही, तो चांगला पाय आहे. त्याला निमुळत्या नमुन्यात कोंबणं हा आपला अडाणीपणा.

शिवाय जोडवी! कुठल्या इंग्रजी नमुन्यात जोडव्यांचा विचार असणार? आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांची जोडवी चाळीस चाळीस वर्षं निघालेली नसतात. बोट सुजून ती आत रुतलेली असतात. त्यावर घट्ट पंजाचा मोजा चढवला की जोडवं शेजारच्या बोटात घुसतं आणि लोकरीचा धागा जोडव्याच्या सांध्यात अडकतो तो वेगळाच. घोट्यावर तोरड्या असतील तर बॉर्डर कुठून सुरू करायची हाही प्रश्न. आणि अंगठ्याच्या चपलेत घालायचा तर अंगठा वेगळा विणावा लागतो. या सगळ्याला नमुन्यात उत्तर नाही. उत्तर त्या बाईच्या पायाशी बसल्यावरच मिळतं.

आता विणणाऱ्या भगिनींसाठी (आणि बंधूंसाठी, असतील तर हात वर करा!) थोडा हिशोब देते. शिक्षिकेला गणित टाळता येत नाही.

आधी एक चौकोनी तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मग दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले ते मोजा. नमुना म्हणतो दहा सेंटिमीटरला ३२ टाके. माझा हात सैल आहे, त्याच सुयांवर माझे २८ च येतात. नमुन्यात सांगितलंय, ६४ टाके घाला. नमुना लिहिणाऱ्याचे ६४ टाके म्हणजे २० सेंटिमीटर. माझे ६४ टाके म्हणजे जवळजवळ २३ सेंटिमीटर. आकडा एकच, मोजे दोन!

आता पाय. टेप चवड्याच्या सगळ्यात रुंद भागाभोवती फिरवा. समजा २२ सेंटिमीटर आलं. मोजा पायाच्या मापाचा विणायचा नाही, साधारण दहा टक्के कमी विणायचा. तो ताणला गेला तरच पायाला धरून राहतो. २२ मधून दहा टक्के वजा केले, १९.८ उरले. दर सेंटिमीटरला माझे २.८ टाके, म्हणजे ५५ च्या आसपास. बॉर्डर दोन सुलट-दोन उलट, म्हणून चाराने भाग जाणारी संख्या घ्यायची: ५६. नमुन्यापेक्षा आठ टाके कमी. हेच पाय २५ सेंटिमीटरचा असेल तर हिशोब ६३ चा येतो, म्हणजे ६४ टाके. इथे नमुन्याचाच आकडा आला, पण तो मोजून आला. या दोन्हींत फरक आहे.

लांबी टाचेच्या मागच्या टोकापासून सगळ्यात लांब बोटापर्यंत घ्या. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, कित्येकांचं दुसरं बोट पुढे असतं. मोजा या लांबीपेक्षा एक-दीड सेंटिमीटर आखूड हवा. २३ सेंटिमीटरच्या पायाला २२ सेंटिमीटरचा मोजा. बोटांचा भाग नेहमीच्या पद्धतीने एक फेरी सोडून एक फेरी टाके घटवत विणला तर त्याला साडेचार सेंटिमीटर लागतात, म्हणून साडेसतरावर घटवायला सुरुवात. पण पसरट पंजासाठी मी सुरुवात सेंटिमीटरभर उशिरा करते, शेवटी शेवटी प्रत्येक फेरीला घटवते आणि आठ टाके उरेपर्यंत न थांबता वीस-चोवीस टाके शिल्लक असतानाच टोक बंद करते. टोक चोचीसारखं न होता बोथट होतं. करंगळी सुखावते.

पायाची वरची कमान उंच असेल तर टाचेची पट्टी लांब करायची. ३० ओळींऐवजी ३६ विणल्या की कडेने १५ ऐवजी १८ टाके उचलायला मिळतात आणि कमानीवर जागा होते. मोजा चढवताना टाचेशी अडत असेल तर दोष बहुधा इथेच असतो, लोक मात्र बॉर्डर सैल करत बसतात. बॉर्डर खरोखर घट्ट असेल तर टाके दोन सुया जोडून घाला आणि बॉर्डरपुरती एक नंबर जाड सुई घ्या. मोजा काढल्यावर पोटरीवर खोल वळ दिसला तर बॉर्डर घट्ट आहे. घालणारी व्यक्ती "नाही हो, ठीक आहे" म्हणाली तरी वळावर विश्वास ठेवा.

एवढं केलं की मोजा बसतो. हे काही मी शोधलेलं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या बायकांनी खंदकातल्या सैनिकांसाठी लाखो मोजे विणले. मोज्याचं टोक शिवून बंद केलं की आत एक जाड कड राहते, आणि ओल्या बुटात मैलोन् मैल चालणाऱ्याची बोटं ती सोलून काढते. दोन सुयांवरचे टाके दाभणाने एकमेकांत असे गुंफायचे की कड उरतच नाही, या जोडणीला त्या वेळचे ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचं नाव चिकटलं आहे. हेच किचनर त्याआधी १९०२ ते १९०९ इथे हिंदुस्थानात सरसेनापती होते. सेनापतीचं नाव एका टाक्याला! पण मला त्यात आश्चर्य वाटत नाही. ज्याला माणसं चालवायची आहेत त्याला एका शिवणीचाही विचार करावा लागतो.

सैनिकाला निदान बोट सोललेलं कळायचं. ज्या पायाला काही कळतच नाही त्याचं काय?

हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला नवा नाही. वरोऱ्याचं आनंदवन आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि गावांनी हाकललेल्या माणसांना तिथे घर आणि काम मिळालं. कुष्ठरोगाने बोटं 'झडतात' असा जुना समज. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी त्याच सुमाराला या समजाच्या मुळाशी जायला सुरुवात केली. रोग मज्जातंतूंवर हल्ला करतो, तिथली जाणीव जाते. मग खडा टोचला, खिळा लागला, चपलेचा पट्टा घासला तरी माणूस चालतच राहतो, जखम चिघळते, आणि बोट जातं ते त्या दुर्लक्षित जखमांमुळे. वेदना ही राखणदार आहे, ती निघून गेली की घर उघडं पडतं. म्हणून त्या रुग्णांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या तळाच्या चपला आल्या, पायाच्या आकाराप्रमाणे, कुठेही न टोचणाऱ्या. त्यांत वापरायच्या चामड्याइतकंच त्या पायाचं माप महत्त्वाचं.

आज तीच गोष्ट मधुमेहाने घराघरात आणून ठेवली आहे. कितीतरी जणांच्या पायांची जाणीव हळूहळू कमी होत जाते आणि त्यांना ते कळतही नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंना वीस-बावीस वर्षांचा मधुमेह. मागच्या पौषात त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. संक्रांतीला मोजे विणून द्यायचे म्हणून मी टेप घेऊन त्यांच्या पायाशी बसले. "अगं, पाय काय धरतेस, मी काय देव आहे?" म्हणून त्या पाय मागे घेत होत्या. पायात कुणीतरी प्रेमाने आणून दिलेले जाड मोजे होते. काढले तर उजव्या करंगळीच्या मुळाशी, बरोबर मोज्याच्या शिवणीखाली, रुपयाएवढा फोड फुटून ओला झालेला. त्यांना पत्ता नव्हता. "दुखत नाही गं," म्हणाल्या. मला त्या तीन शब्दांनी धडकी भरली. दुखत नव्हतं हाच तर आजार होता! त्याच दुपारी डॉक्टरांकडे नेलं, पाच-सहा आठवडे ड्रेसिंग चाललं, बोट वाचलं. टेप हातात घेतला नसता तर तो मोजा आणखी किती दिवस तसाच चढत-उतरत राहिला असता, देव जाणे.

त्या दिवसापासून माझं हे मत आणखी पक्कं झालं. पाय मोजायच्या निमित्ताने आपण पाय पाहतो. आपल्याकडे पाया पडायची रीत आहे. सणावाराला, परीक्षेला जाताना, लग्नात आपण वाकून वाकून पाया पडतो. पण वडीलधाऱ्यांचे तळवे शेवटचे कधी पाहिले, असं विचारलं तर किती जण सांगू शकतील? नमस्काराला बोटांची टोकं लावून आपण उठतो. एकदा तरी खाली बसून, पाय मांडीवर घेऊन, बोटांच्या बेचक्यांत पहावं. सत्तरीनंतर माणसाला वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही हो! माझाच मला आरसा ठेवल्याशिवाय दिसत नाही.

अशा पायासाठी विणताना माझे नियम वेगळे आहेत. दहा टक्के कमी करायचे नाहीत, नुसतं धरून राहील इतपत, पाचच्या आत. बॉर्डर अगदी हलकी. आत गाठ नाही, कड नाही, टोक गुंफून बंद केलेलं. रंग पांढरा किंवा फिकट, म्हणजे रक्ताचा, पाण्याचा डाग लगेच दिसतो. आणि जाड मोजा नेहमीच्या बुटात कोंबायचा नाही, त्याने उलट पाय दाबला जातो. आणखी एक आमच्या भागातली गोष्ट: शेकोटी. बाजारात मिळणारी बरीचशी 'लोकर' ॲक्रिलिकची असते, ती आचेने वितळते आणि कातडीला चिकटते. जाणीव असलेला माणूस झटकन पाय मागे घेईल. जाणीव नसलेला बसून राहील. म्हणून असे मोजे घालून शेकोटीपाशी पाय पसरायचे नाहीत हे मी मोज्यांबरोबर बजावून सांगते. आणि जखम असेल तर मोजा हे औषध नव्हे, डॉक्टर गाठायचा.

दुसरा न बोलणारा पाय म्हणजे बाळाचा. तो रडून सांगतो म्हणा, पण कशासाठी रडतो ते आपल्याला ओळखावं लागतं.

गडचिरोलीतल्या बाळांबद्दल साऱ्या जगाने वाचलं ते डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामामुळे. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला, तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे २०११ मध्ये देशभर आशाताईंच्या घरभेटींतून अशा काळजीचा कार्यक्रम सुरू झाला. या कामात ऊब ही मोठी गोष्ट. बाळ गार पडतंय का हे ओळखायची साधी रीत आहे: पोटाला हात लावा, पावलाला हात लावा. पोट गरम आणि पाऊल गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार, तर धोका आहे, धावपळ करा.

आता विणणाऱ्याने यातून काय घ्यायचं? पहिलं, बाळाचा मोजा असा हवा की पाऊल तपासायला तो हाताने चटकन निघेल, पण बाळाच्या लाथांनी निघणार नाही. हे साधायला घट्ट बॉर्डर किंवा आवळलेली रिबीन नको, उंच आणि मऊ बॉर्डर हवी. घोट्यापासून वर चांगली पाच-सहा सेंटिमीटर. दुसरं, माप. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ कमी वजनाचं धरतात, आणि आपल्याकडे अशी बाळं पुष्कळ. पुस्तकातलं 'नवजात' माप त्यांच्या पायात भोपळ्यासारखं होतं. पावलाची लांबी आणि वजन यांचं नातं इतकं जवळचं आहे की नुसतं पाऊल मोजून कमी वजनाचं बाळ ओळखता येईल का, याचे अभ्यास भारतात आणि आफ्रिकेत झाले आहेत. मी अशा बाळासाठी ३६ ऐवजी २८ टाक्यांवर विणते, बारीक लोकर, बारीक सुई. टाच विणतच नाही, नुसती तिरकी वळत जाणारी बॉर्डरची नळी. बाळाचा पाय महिन्यागणिक वाढतो, नळी त्याच्याबरोबर सरकते. तिसरं, आत लोंबणारे धागे अजिबात नकोत. दोन रंगांची नक्षी बाहेरून सुरेख दिसते, पण आतल्या बाजूला सुटे धागे असतात. एखादा धागा किंवा केस बाळाच्या इवल्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त अडतं, बोट काळं-निळं पडतं. मोजा चढवण्याआधी तो उलटा करून पहायचा ही सवय प्रत्येक आजीने लावून घ्यावी. आणि हेही सांगते, बाळाची खरी ऊब आईच्या अंगाची, मोजा नंतर.

इथे कुणी म्हणेल, बाई, पन्नास रुपयांत तीन जोड मिळतात, इलॅस्टिकवाले, कुणालाही होतात. एवढा कुटाणा कशाला? माझं उत्तर असं: धडधाकट, बोलत्या पायाला ते चालतात. टोचलं तर तो काढून फेकेल. माझे नातू तेच घालतात, माझी हरकत नाही. प्रश्न आहे तो ज्यांचा पाय बोलत नाही त्यांचा, आणि ज्यांचा पाय नमुन्यात नाही त्यांचा. त्यांच्यासाठी विकतचेच घ्यायचे असतील तर तेही मोजून घ्या, शिवण बघून घ्या, दुकानात मोजा उलटा करून आत बोट फिरवून बघा. दुकानदार बघत राहील, बघू द्या.

आणि दरवर्षी हिवाळ्यात शहरांतून आमच्याकडे टोप्या-मोज्यांची गाठोडी पाठवणाऱ्या सज्जनांना एक हात जोडून विनंती. तुमच्या मनातली ऊब खरी आहे, त्याबद्दल शंका नाही. पण एकाच मापाचे शंभर जोड विणून पाठवण्यापेक्षा आधी एक निरोप पाठवा: कुणासाठी हवेत, किती मोठे हवेत. आमच्या एखाद्या शाळेतल्या शिक्षकाला, अंगणवाडीताईला सांगा. ती कागदावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवेल आणि तो कागद तुम्हाला पाठवेल. शंभराऐवजी वीसच जोड झाले तरी ते पेटीत न राहता पायांत राहतील. देणाऱ्याने मोजायचं असेल तर जोड मोजू नयेत, पाय मोजावेत.

छत्तीस वर्षं शिकवलं त्यातून हेच शिकले. पुस्तक पुण्यात लिहिलेलं, मूल माडिया बोलणारं. पुस्तकात समुद्र आणि आगगाडी, मुलाने दोन्ही पाहिलेलं नाही. चांगला शिक्षक पुस्तक फेकून देत नाही, पण मुलाकडे बघून त्याचे टाके कमी-जास्त करतो. ज्यांनी 'पुस्तकात आहे तसंच' म्हणून मुलांना आवळलं त्यांच्या वर्गातली मुलं गप्प बसायची, आणि आम्ही त्या गप्प बसण्याला शिस्त म्हणायचो. गप्प मूल आणि न दुखणारा पाय, दोघांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

असो. यंदा संक्रांतीला तिळगुळाबरोबर एक गोष्ट करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या पायाशी टेप घेऊन बसा. विणता येत असेल तर चार आकडे लिहून घ्या: चवड्याचा घेर, पायाची लांबी, घोट्याचा घेर, आणि टाचेपासून कमानीवरून फिरवलेला तिरका घेर. विणता येत नसेल तरी बसा. बोटांच्या मधे पहा, तळव्यावर हात फिरवा, विचारा, "इथे हात लावला, कळतंय का?" उत्तर "हो" आलं तर गोड बोला, तिळगूळ खा. "नाही" आलं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे चला. मोजे काय, नंतरही होतील.